चकव्याच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग

काउंटी क्लेअर, आयर्लंड
१६ नोव्हेंबर

प्रिय सदा,

तुझं पत्र दिवाळीआधीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. काकूंना हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत हे वाचलं आणि आठवडाभर कशात लक्ष लागलं नाही. हे पत्र जेवढं तुला आहे तेवढंच त्यांनाही आहे. सवडीने वाचून दाखव.

इथे आता साडेचारलाच अंधार पडतो. शेजारी पंच्याहत्तरीचे एक आजोबा एकटेच राहतात. मी ड्युटीवरून आलो की चहाला हाक मारतात. त्यांच्या चुलीत टर्फ असतो, म्हणजे दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवलेली. ती भडकत नाही, शेणीसारखी धुमसत राहते, आणि वास दुसऱ्या दिवसापर्यंत स्वेटरला राहतो. परवा त्या चुलीपाशी त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील रात्री पत्ते खेळून घरी निघालेले. घरामागचंच कुरण, जन्मापासून पायाखालचं. पण फाटक सापडेना. दगडी गडगा हाताने चाचपत फिरले, चार कोपरे झाले, पाचवाही लागला, फाटक नाहीच. आपल्याच खिडकीतला दिवा दिसतोय आणि घरी जाता येत नाही! शेवटी त्यांना आठवलं. अंगातला कोट काढला, उलटा करून घातला, आणि बघतात तर फाटक हाताशीच. कुरणात गवताचा असा एखादा तुकडा असतो म्हणे, त्याला इथे ‘स्ट्रे सॉड’ म्हणतात. त्यावर पाय पडला की माणूस भुलतो.

सदा, हा तर चकवा! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

आता इथली जुनी रीत अशी की पहिली गोष्ट घरधन्याने सांगायची, आणि मग उजाडेपर्यंत पाहुण्याने. त्यामुळे पाळी माझी आली. तुमच्या अंगणातल्या बाजेवर बसून काकू सांगायच्या ती मी सुरू केली. तुझे चुलत आजोबा, म्हणजे अण्णा, बैल शोधायला पठारावर गेले, तिसऱ्यांदा फिरून त्याच आंब्याखाली आले, आणि आंब्यामागे कुणीतरी त्यांना नावाने हाक मारली. इथवर आलो आणि पुढचं काही आठवेना. आजोबा थांबले. चुलीत टर्फचा आणखी एक तुकडा सारला, पुन्हा थांबले. मला फार वाईट वाटलं.

पूर्वी इथे प्रत्येक वाडीत असं एक घर असायचं. हिवाळ्याच्या रात्री सगळे तिथेच जमायचे. ‘रॅम्बलिंग हाउस’ म्हणत त्याला. गोष्टी सांगणारा तो ‘शॅनखी’. आपलं जसं ‘आटपाट नगर होतं’, तशी त्यांची सुरुवात ‘फदो, फदो’, म्हणजे फार फार पूर्वी. अद्भुतातल्या लोकांचं नाव मात्र सरळ घेत नाहीत, ‘ती भली माणसं’ म्हणतात. काकू रात्री सापाला ‘जनावर’ म्हणायच्या तसंच.

हे सगळं विरून जाणार हे इथल्या काही लोकांनी वेळेवर ओळखलं. जेम्स डेलार्गी नावाचे एक अभ्यासक केरी काउंटीत शॉन ओ कोनल या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी वर्षानुवर्षं जात राहिले. शॉन कधी शाळेत गेले नव्हते, भाषा फक्त आयरिश, पण पोटात शेकडो गोष्टी. डेलार्गींनी लिहून ठेवलेली एक आठवण मला विसरता येत नाही. ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून तिकडचा एक म्हातारा कथेकरी बाजारातून परतताना गाडीच्या मागून चालत चालत त्या गाडीच्या पाठीलाच गोष्ट सांगत यायचा, हातवाऱ्यांसकट. पाठ राहावी म्हणून.

पुढे १९३५ मध्ये सरकारने लोककथा आयोग नेमला. डेलार्गी त्याचे संचालक. आयोगाची माणसं एडिफोन नावाचं अवजड यंत्र घेऊन खेडोपाडी फिरायची. गोष्ट मेणाच्या नळकांड्यावर उतरायची, ती ऐकून शब्द न् शब्द कागदावर घ्यायचा, मग मेण तासून त्याच नळकांड्यावर पुढची गोष्ट. नवी नळकांडी घ्यायला तेवढा पैसा नव्हता.

पण तुला मुख्य सांगायचंय ते पुढेच. १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी हे काम प्राथमिक शाळेतल्या पोरांवर सोपवलं! सुमारे ५,००० शाळा, ५०,००० हून जास्त मुलं, वरच्या वर्गांतली, अकरा ते चौदा वर्षांची. गुरुजींना विषयांची पुस्तिका दिली: पुरलेलं धन, पवित्र विहिरी, पावसापाण्याचे आडाखे, घरगुती औषधं, दुष्काळाच्या आठवणी. पोरांनी निबंधाऐवजी घरी जाऊन आजीआजोबांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं. कुणी सांगितलं, वय काय, राहतात कुठे, तेही खाली लिहायचं. वह्या आणि बांधीव खंड मिळून सुमारे ७,४०,००० पानं झाली. आज ती इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात.

मी आमच्या या शेजारच्या आजोबांच्या आईची शाळा शोधून काढली. तिचं पान निघालं. वय तेरा. विषय लोणी काढण्याचा: घुसळण चालू असताना जो कुणी घरात येईल त्याने ‘देव कामाला यश देवो’ म्हणून दोन हात मारायलाच हवेत, नाहीतर लोण्याची बरकत जाते, आणि तेवढा वेळ चुलीतला निखारा घराबाहेर द्यायचा नाही. खाली लिहिलंय, ‘हे माझ्या आजीने सांगितलं.’ आजोबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, तर मोबाइलवर पान सरकलं. त्यांनी घाबरून हात मागे घेतला. मी पान परत आणून दिलं. ते मोठ्याने वाचू लागले आणि मधेच आवाज बसला.

जुनं झालं म्हणून इथे हे सगळं अडगळीत पडलेलं नाही. एअरपोर्टला जाताना लाटूनपाशी हमरस्त्याकडेला पांढऱ्या फुलांचं एक काटेरी झुडूप लागतं. १९९९ मध्ये रस्त्याच्या कामात ते जाणार होतं. एडी लेनिहन या कथेकऱ्याने पेपरात लिहिलं की मन्स्टर प्रांताची भली माणसं शेजारच्या कॉनॉट प्रांतातल्यांशी लढायला निघताना याच झुडपापाशी जमतात, ते तोडू नका. झुडूप राहिलं, कुंपण घालून. तिथून जाताना मला आपल्या देवराईची आठवण येते. कोयती लावायला अजून तिथे कुणी धजत नाही ना?

आपल्याकडेही हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, तुला ठाऊकच आहे. पण तुझ्या वर्गातल्या पोरांच्या आज्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. बाहेरच्या माणसाला आजी बुजेल, नातवापुढे बोलेल. चौथीच्या पोरांना शंभर पानी वही दे आणि एकच विषय सांग: चकवा. कुणाला लागला, कुठे लागला, कसा सुटला. शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस. आजी ‘व्हता’ म्हणाली तर ‘व्हता’च राहू दे.

आणि पहिली वही तू घाल. आज रात्री जेवणं झाली की काकूंजवळ बस, मोबाइल उशाशी ठेव आणि विचार, आंब्यामागून हाक आली, मग अण्णांनी ओ दिली का? नावं आठवली नाहीत तरी चालतील. आमचे आजोबा रोज चहा ओतता ओतता मला विचारतात, त्या बैलवाल्याचं पुढे काय झालं?

तुझा,
बाळू