भोपळ्याच्या आधीचा सलगम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हॅलोविनवरचा लेख वाचला. त्यात हॅलोविनच्या आधीच्या जुन्या केल्टिक सणाचं (केल्ट म्हणजे पश्चिम युरोपातले प्राचीन लोक) नाव जिथे येईल तिथे ‘समहेन’ असं छापलंय. स्पेलिंगमध्ये (Samhain) एम आणि एच आहेत हे खरं, पण आयरिशमध्ये ही जोडी शेजारी आली की ‘म’ विरून जातो. उच्चार ‘साउइन’च्या जवळ जातो, काही भागांत ‘साविन’च्या. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे ही खोड जात नाही. नावापुरतं असतं तर गप्प बसले असते. पण त्याच लेखात ‘समहेन नामक मृत्युदेवतेला ड्रुइड पुरोहित नरबळी देत’ असंही ठोकून दिलंय.

असा देवच नव्हता, साहेब. साउइन हे सणाचं नाव आणि महिन्याचंही. आयर्लंडमध्ये आजही नोव्हेंबर महिन्याला साउइनच म्हणतात, आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्रीला ‘ईहे हाउना’, म्हणजे साउइनची रात्र. देवाची भानगड अठराव्या शतकातली. चार्ल्स व्हॅलन्सी नावाचा ब्रिटिश लष्करातला एक अधिकारी आयर्लंडमध्ये होता. आयरिश भाषेची मुळं फिनिशियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन दर्यावर्दी लोकांपर्यंत नेऊन भिडवायचा त्याला भारी नाद. आपल्याकडेही शब्दांची ओढाताण करून वाटेल तिथे पोचणारे आहेतच, तसाच हा. त्याच्या खटाटोपात साउइनचा देव झाला, आणि तेव्हापासून तो एका लेखातून दुसऱ्या लेखात फिरतोय. नरबळींबद्दल रोमन सेनापती सीझरने गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, ड्रुइडांविषयी लिहिलंय हे मान्य, पण त्यात या रात्रीचा उल्लेख कुठेही नाही. ‘रोमनांनी केल्टांना जिंकल्यावर पोमोना देवीची सफरचंदं या सणात आली’ हे वाक्यही तसंच. ज्या आयर्लंडमध्ये हा सण जपला गेला, ते रोमनांनी कधी जिंकलंच नाही.

मग ठामपणे म्हणता येईल असं काय उरतं? बरंच, आणि माझ्या मते लेखातल्यापेक्षा जास्त मजेचं. गुराख्यांच्या वर्षाचे दोन भाग होते. १ मे रोजी गुरं डोंगरावरच्या कुरणात चढवायची आणि १ नोव्हेंबरच्या सुमारास खाली आणायची. हिवाळाभर पुरेल एवढा चारा नसायचा, तेव्हा काही जनावरं कापून मांस खारवून ठेवायचं. दिवस मावळतीला सुरू होई, म्हणून १ तारखेचा सण आदल्या रात्रीच लागायचा. गॉल लोक काळ दिवसांनी न मोजता रात्रींनी मोजतात, असं सीझरनेही नोंदवलंय. फ्रान्समध्ये कोलिन्यी इथे १८९७ साली काशाच्या पत्र्यावर कोरलेल्या पंचांगाचे तुकडे सापडले. त्यात ‘सामोनियोस’ नावाचा महिना आहे आणि त्याच्या ‘तीन रात्रीं’ची खूणही आहे. तो महिना शरदातला की उन्हाळ्यातला, यावर पंडितांचं अजून जुंपलेलंच आहे.

आता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपविषयी. आपला लेख तिथे पडताच तासाभरात फॉरवर्ड आला की हा मूळचा आपलाच पितृपक्ष, इथून तिकडे गेला. दुसऱ्या गटाने लगेच ‘पाश्चात्त्य भुतं नकोत’ म्हणून बहिष्काराची हाक दिली. मी एवढंच लिहिलं की जुन्या आयरिशमध्ये उन्हाळ्याला ‘साम’ म्हणत, आणि तो शब्द आपल्या संस्कृत ‘समा’चा चुलतभाऊ आहे. ‘मा निषाद प्रतिष्ठां त्वमगमः शाश्वतीः समाः’ यातलाच तो समा, म्हणजे वर्ष. साउइन हा शब्द त्या ‘साम’वरूनच आला, असं एक जुनं मत आहे. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या असल्या म्हणून सणही एकाने दुसऱ्याचा उचलला असं होत नाही. यावर पहिल्या गटाने मला नमस्काराचे हात पाठवले, दुसऱ्याने काहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी मुलीकडे आयर्लंडला होते. ती मीथ परगण्यात राहते, तारा टेकडीपासून गाडीने अगदी जवळ. ताराच्या माथ्यावर ‘ओलिसांचा ढिगारा’ नावाचं पुरातन थडगं आहे. त्याच्या भुयाराचं तोंड असं धरलंय की साउइनच्या दिवसांत उगवत्या सूर्याचे किरण आत शिरतात. ते बांधलं गेलं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, म्हणजे केल्ट भाषा त्या बेटावर पोचण्याच्याही कितीतरी आधी. त्यामुळे तेही ड्रुइडांच्या खात्यावर टाकता येत नाही. अथबॉयजवळच्या ट्लाख्टा टेकडीवर ड्रुइड या रात्री मोठी आग पेटवत, ही गोष्ट जेफ्री कीटिंग या आयरिश इतिहासकाराने सतराव्या शतकात लिहिली. आयर्लंड ख्रिस्ती होऊन तोवर हजाराहून जास्त वर्षं लोटली होती. खोटंच असेल असं मी म्हणत नाही, पण आजचे लेखक ती कालपरवा डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात.

जुन्या आयरिश कथांत मात्र या रात्रीचं काय मोल होतं ते स्पष्ट दिसतं. साउइनला पलीकडच्या लोकाची दारं उघडतात. नेराची गोष्ट मला त्यात सगळ्यात आवडते. रॉसकॉमन परगण्यात राथक्रोहन इथे राजा अलिल आणि राणी मेव्ह शेकोटीपाशी बसलेत. आदल्या दिवशी फाशी दिलेल्या कैद्याच्या पायात जो वेलाची कडी अडकवून येईल त्याला बक्षीस. भीतीने सगळे परत फिरतात, नेरा तेवढा पोचतो. कडी तीनदा निसटते. शेवटी प्रेतच बोलतं, अरे, नीट खुंटी मारून बसव. मग म्हणतं, लटकवलं तेव्हा तहान लागली होती, मला पाठीवर घे आणि पाणी पाज. आपल्याला इथे विक्रम-वेताळ आठवल्यावाचून राहत नाही, पण पुढचं वळण वेगळंच आहे. पहिल्या घराभोवती आगीचं कडं आहे, कारण तिथे विस्तव रोज नीट झाकून ठेवतात. दुसऱ्याभोवती पाणी आहे, कारण तिथे रात्री धुण्याचं पाणी साठवून ठेवत नाहीत. प्रेताला दोन्हीकडे शिरता येत नाही. तिसऱ्या घरात धुण्याचं आणि खरकटं पाणी तसंच पडलेलं. प्रेत ते पितं, शेवटचा घोट घरातल्यांच्या तोंडावर थुंकतं आणि सगळे मरतात. कथाकार बजावतो की निजताना असलं पाणी घरात ठेवू नये. आमची आजी रात्री खरकटं ठेवू द्यायची नाही. तिला विचारलं असतं तर तिने कारण दुसरं सांगितलं असतं, एवढंच.

नेरा पुढे राथक्रोहनच्या गुहेतून त्या पलीकडच्या लोकात जातो आणि परतताना पुरावा म्हणून उन्हाळ्यातला जंगली लसूण, प्रिमरोझची फुलं आणि सोनेरी नेचा घेऊन येतो. बाहेर मात्र तीच रात्र चालू असते, मंडळी तशीच शेकोटीभोवती बसलेली. ती गुहा आजही आहे. मी तोंडापर्यंत गेले. आत सरपटत, चिखलातून जावं लागतं, म्हणून माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. जावई जाऊन आले, पँट फेकून द्यावी लागली.

हॅलोविन हे नाव ख्रिस्ती आहे, सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या एवढाच त्याचा अर्थ. ‘चर्चने साउइन दडपण्यासाठी मुद्दाम १ नोव्हेंबर निवडला’ हे आपल्या लेखातलं वाक्य मी शाळेत असते तर लाल शाईने खुणावलं असतं. इ. स. ८००च्या सुमारास जर्मन मुलखात हा सण १ नोव्हेंबरला पाळत होते, तर खुद्द आयर्लंडच्या संतपंचांगात सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला होता. रोनाल्ड हटन या ब्रिटिश इतिहासकाराने हे नीट मांडलंय. २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपती ओडिलोने दहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केला. त्या दिवशी आपल्या वसईत आणि गोव्यात दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या दिसतात, त्या या चर्चच्या परंपरेतल्या.

आणि हॅलोविनला चेहरा कोरून आत दिवा लावतात तो भोपळा? तो अमेरिकेचा. १८४५नंतरच्या दुष्काळात दहा लाखांवर आयरिश माणसं मेली आणि तेवढीच बोटीत बसून गेली. तिकडे भोपळा आयताच हाताशी आला. आयर्लंडमध्ये सलगम हा टणक कंद कोरत. मेयो परगण्यातल्या संग्रहालयात डॉनिगॉलच्या एका जुन्या ‘भूत-सलगमा’चा प्लॅस्टरचा ठसा आहे. आवळलेलं तोंड आणि खोल डोळे असे की फोटो पाहूनही रात्री आठवतो. मुलीच्या हट्टाने मीही एक कोरायला घेतला. भोपळ्यासारखा गर निघत नाही, लाकूडच ते. चमचा वाकला, अंगठ्याला फोड आला, तासाभरात एक डोळा जेमतेम झाला. शेजारच्या म्हाताऱ्या आजी बघून म्हणाल्या, यासाठीच आमचे लोक अमेरिकेला गेले असतील!

त्या रात्री पोरं रिवाजाप्रमाणे खाऊ मागायला दारी येऊन गेली, मी त्यांना इथून नेलेली शेंगदाण्याची चिक्की दिली. जेवणं झाल्यावर सिंकमधल्या टबात भांड्यांचं पाणी तसंच होतं. मुलगी म्हणाली, राहू दे आई, सकाळी बघू. मी ते ओतून टाकलं आणि मगच झोपायला गेले.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा