थंड इंजिन

सहकारनगर, पुणे
11 नोव्हेंबर 2025

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

भाजणीच्या डब्याखाली हे पाकीट ठेवलंय. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस आणि तुझा फोन येतो तेव्हा मी घोरत असतो, म्हणून शेवटी कागद काढला.

तू पाठवलेले त्या निळ्या बीएमडब्ल्यूचे फोटो मी बोटांनी मोठे करकरून पाहिले. थ्री सिरीज, 320 डी, 2014 ची, एम एच 12, मीटरवर 78 हजार, मालकाचं मागणं साडेबारा लाख. आईने फोटो एकदाच पाहिला आणि म्हणाली, "लावणार कुठे?" तिला तुझ्या वाकडच्या सोसायटीतला दोन खांबांमधला तो गाळा आठवला असणार.

घेऊ नकोस असं मी म्हणणार नाहीये. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. मला गाडीची ओढ कळते. 1995 साली पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात मर्सिडीज जोडायला लागले, तेव्हा आम्ही भोसरीच्या वर्कशॉपमधली तिघं-चौघं सुटी झाली की स्कूटर काढून नुसती ती गेटातून बाहेर पडताना बघायला जायचो. घ्यायची ऐपत नव्हती, बघायला पैसे पडत नव्हते. ही तुझी गाडीही तशीच भुरळ घालणारी आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, 184 अश्वशक्ती आणि 380 न्यूटन मीटर टॉर्क. सुहासकाकाच्या जावयाने मला अशाच एका गाडीतून लोणावळ्यापर्यंत नेलं होतं. खंडाळ्याच्या वळणावर स्टिअरिंग त्याच्या हातात होतं, तरी रस्ता कसा आहे ते मला बसल्या जागी कळत होतं. एक्स्प्रेसवेवर मर्यादा ताशी 100 ची आहे आणि कॅमेरे जागोजागी आहेत, तेव्हा बाकीची ताकद तुझ्या मनातच राहणार, ती गोष्ट वेगळी.

आता पैशाचं. ही गाडी नवी असताना पस्तीस-चाळीस लाखांना पडत होती. अकरा वर्षांत ती साडेबारावर आली. पण तिच्या हेडलाइटला, एसीच्या कंप्रेसरला आणि शॉकअपला हे कोणी कळवलेलं नाही. ते अजून चाळीस लाखांच्या गाडीचेच भाव सांगतात. तुझ्याकडे नऊ लाख आहेत आणि साडेतीनचं कर्ज काढणार म्हणतेस. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्यापेक्षा जास्त असतं हे तुला बँकेने सांगितलंच असेल. माझं म्हणणं एवढंच की सगळी रक्कम मालकाच्या हातात ठेवून रिकामी होऊ नकोस. दोन लाख तरी बाजूला ठेवून मगच उरलेल्यात काय बसतं ते बघ. ते दोन लाख पहिल्या वर्षात खर्च होणारच असं धरून चाल.

का, ते सांगतो. परवा पर्वतीखालच्या आपल्या मिस्त्रींकडे जाऊन बसलो. त्यांचा मुलगा मोठ्या वर्कशॉपमध्ये सात वर्षं याच गाड्या करत होता, आता वडिलांच्या गॅरेजमध्ये लॅपटॉप घेऊन बसतो. त्याने पहिला शब्द काढला तो टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या साखळीचा. या डिझेल इंजिनात, त्याला एन 47 म्हणतात, चेन पुढे नाही, मागे आहे, गिअरबॉक्सच्या अंगाला. चेन ढिली झाली, तिच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजल्या, की बदलायला आधी गिअरबॉक्स तरी उतरवायचा किंवा अख्खं इंजिन तरी. म्हणजे माल एक आणि मजुरी चार अशी गत. आणि चेन तुटलीच तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग दुरुस्ती नसते, दुसरं इंजिन असतं. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांना हा त्रास जास्त झाला, 2014 पर्यंत त्यात सुधारणा झाल्या होत्या. पण ज्याने ऑइल बदलायला टाळाटाळ केली त्याची चेन वेळेआधी झिजते. सव्वापाच लिटर ऑइल लागतं, स्वस्त नाही, म्हणून लोक "अजून दोन हजार किलोमीटर चालेल" म्हणतात. गाडीचा कॉम्प्युटरही पुढचं सर्व्हिसिंग चांगलं लांबचं दाखवतो. तू त्याचं ऐकू नकोस. आपल्या ट्रॅफिकमध्ये, हिंजवडीच्या त्या रांगेत, इंजिन किलोमीटरपेक्षा तासांनी जास्त झिजतं. आठ-दहा हजारांवर ऑइल बदलायचं, बिल फाइलला लावायचं.

दुसरं ईजीआर कूलरचं. 2018 साली दक्षिण कोरियात या कंपनीच्या डिझेल गाड्यांना एकामागून एक आगी लागल्या होत्या. धूर थंड करणाऱ्या त्या कूलरमधून कूलंट झिरपायचं, काजळीत मिसळून चिकट थर धरायचा आणि गरम धुराने तो पेटायचा. कंपनीने जगभर गाड्या परत बोलावल्या. आपल्या या गाडीचा चासी नंबर अधिकृत वर्कशॉपमध्ये दिला की तिच्यावर असलं काही काम बाकी आहे का ते कळतं. त्याच नंबरवर सर्व्हिसिंगचा सगळा इतिहासही निघतो. 78 हजार खरे की मीटर मागे फिरवलाय, हे तिथेच उघडं पडेल. मालक नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर गाडी कितीही सुंदर असो, चहा पिऊन निघायचं.

गिअरबॉक्स आठ स्पीडचा, झेडएफ कंपनीचा. काम उत्तम आहे, मी माणसांच्या बाबतीत एवढी शिफारस करत नाही. पण गाडीच्या कंपनीचं म्हणणं त्यातलं ऑइल आयुष्यभर चालतं, आणि ज्यांनी गिअरबॉक्स बनवला ते झेडएफवाले म्हणतात 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी होईल ते. मी आयुष्यभर इन्स्पेक्शनमध्ये होतो. पार्ट बनवणारा एक सांगतो आणि विकणारा दुसरं सांगतो, तेव्हा बनवणाऱ्याचं ऐकायचं. खालचा ट्रे प्लास्टिकचा, फिल्टर त्यातच बसवलेला, त्यामुळे अख्खा ट्रे बदलावा लागतो. मिस्त्रींच्या मुलाने पन्नास हजारांच्या आसपास आकडा सांगितला. हा खर्च तुझ्यावर पहिल्याच महिन्यात येणार, कारण अकरा वर्षं झालीच आहेत.

आता जे मला खरं सांगायचंय ते. जाहिरातीत मालकाचा पत्ता अरण्येश्वरचा आहे आणि गाडी 2017 पासून त्याच्याकडे आहे. तू तेव्हा बंगळुरूला होतीस, म्हणून तुला 25 सप्टेंबर 2019 ची रात्र फक्त फोनवरची माहीत आहे. आंबिल ओढ्याला पूर आला आणि आपल्या खालच्या अंगाच्या गल्ल्यांतून छातीएवढं पाणी गेलं. सकाळी मी दूध आणायला गेलो तर एक गाडी कंपाउंडच्या भिंतीवर पुढची चाकं टेकवून उभी होती, कुत्र्याने पाय वर ठेवावेत तशी. चिखल कितीतरी दिवस निघाला नाही. त्या गाड्या कुठे गेल्या असतील? सगळ्या भंगारात नाही गेल्या. धुऊन, वाळवून, शॅम्पूने सीट घासून बऱ्याच पुन्हा रस्त्यावर आल्या. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्याला एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हाही हेच झालं असणार.

ही गाडी त्यातलीच आहे असं नाही. तो माणूस तिसऱ्या मजल्यावर पार्किंग असलेल्या इमारतीतही राहत असेल. पण बघायचं कसं ते ऐक. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, जिथे तो रोज गुंडाळलेला असतो तिथे मातकट रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का बघ. या गाडीत बॅटरी बोनेटखाली नसते, डिकीत उजव्या कोपऱ्यात खाली असते. तिथलं झाकण उघडून टॉर्च मार आणि नाक घाल. गालिच्याखालचा फोम एकदा भिजला की त्याचा वास फ्रेशनरनेही जात नाही. इंजिनातलं पाणी काढता येतं गं, पण या गाड्यांत जागोजागी कंट्रोलचे डबे आहेत आणि त्यांच्या जोडण्या आतून हिरव्या पडत जातात. चार वर्षं सगळं ठीक चालतं, मग एका पावसाळ्यात काचा आपोआप खाली जातात.

माझ्याकडे जुना कोटिंगचा मीटर आहे, रंगाची जाडी मोजायचा. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो. एखाद्या दारावर आकडा तीनशेवर गेला तर तिथे पुट्टी आहे. व्हर्निअरही घेऊन येतो, ब्रेक डिस्कची जाडी मोजायला. कमीत कमी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. आई म्हणते, "मुलगी बघायला चाललाय का?" म्हटलं, मुलगी बघायला एवढी हत्यारं लागत नाहीत.

टायर. या गाडीला स्टेपनी नाही, टायर रनफ्लॅट असतात. पंक्चर झाला तरी ताशी 80 च्या आत 80 किलोमीटर जाता येतं. पण बाजूची भिंत कडक असल्याने आपल्या खड्ड्यांत रिम वाकते नाहीतर टायरला फुगा येतो. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. चारही टायर जुने निघाले तर भावातून सरळ सत्तर-ऐंशी हजार कमी करून माग. बॅटरी नवी घातली असेल तर गाडीला ती कॉम्प्युटरवरून कळवावी लागते, ते केलंय का विचार. रस्त्यावरच्या बॅटरीवाल्याकडून नुसती बदलून घेतली असेल तर ती लवकर मरते. चाकं धरून ठेवणारे लोअर आर्म आणि त्यांच्यातले रबरी बुश मिस्त्री बघतील. नाना पेठेत इतर गाड्यांचं सगळं मिळतं, पण या गाडीचा बुश "सेम टू सेम आहे साहेब" म्हणून कोणी हातात ठेवला तर घेऊ नकोस.

कागदपत्रांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कर्जाचा बोजा उतरलाय का, थकलेली चलनं किती, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का, एवढं बघ. विमा चौदा दिवसांत तुझ्या नावावर करून घे. मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. आणि 2029 ला पंधरा वर्षं पूर्ण होतील, मग पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर. स्वस्तात दिल्लीची गाडी बघू का असं मध्ये म्हणाली होतीस. हरित लवादाने 2015 मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे येतात. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्या धरल्या की स्वस्ताई उरत नाही.

हे सगळं मी कुठल्या तोंडाने सांगतोय ते आईला माहीत आहे, तुला नाही. 1998 साली मीही एक जुनी सेडान घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिची काही चूक नव्हती. मिस्त्री म्हणाले होते, रेडिएटरचा होज फुगलाय, बदलून घ्या, तीनशे रुपये. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. वाईला लग्नाला निघालो आणि कात्रजच्या जुन्या घाटात काटा लालवर गेला. थांबायला हवं होतं. मी म्हटलं, वर बोगद्यापर्यंत नेऊ. तू तीन वर्षांची, मागे आईच्या मांडीवर उलटी करून झोपलेली. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, काढल्यावर ते मीच भोसरीला सरफेस प्लेटच्या सपाट लादीवर ठेवून फीलरच्या पातळ पट्ट्यांनी मोजलं, दोन दशांश मिलिमीटर वाकलं होतं. चौदा हजार रुपये. तेव्हाच्या पगारात ते कसे बसवले विचारू नकोस. घरखर्चाच्या वहीत चार महिने "इतर" या सदराखाली लिहीत होतो. परवा तुझ्या गाडीचा विषय निघाल्यावर आई शांतपणे म्हणाली, "तिला 'इतर'बद्दल सांगा." सत्तावीस वर्षं तिने एक शब्द काढला नव्हता.

तर गिअरबॉक्सच्या ऑइलचे पैसे मी देणार. ते "इतर"मध्ये लिहायचे नाहीत, सरळ गाडीच्या नावाने लिहायचे. बाकी तुझं तू बघ.

रविवारी सकाळी साडेसहाला मी आणि मिस्त्री अरण्येश्वरला येतो, तू वाकडहून सातपर्यंत पोच. मालकाला आज रात्रीच मेसेज करून ठेव की शनिवारी रात्री गाडी लावल्यावर आम्ही येईपर्यंत चालू करू नका. चेनचा आवाज, पांढरा धूर, स्टार्ट होतानाची कुरकुर, सगळं इंजिन थंड असतानाच कळतं. गरम इंजिन फार गोड बोलतं. पोचल्यावर मी आधी बोनेटवर हात ठेवणार आहे. कोमट लागलं तर तू काही बोलू नकोस, मी बोलतो.

तुझा,
बाबा