‘मले डॉक्टर नोका म्हनू’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला डेअरीवर दूध घालताना कळलं. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, ‘ढोरायचा डॉक्टर गेला आपला.’ मी सवयीनं बोलून गेले, ‘ते डॉक्टर नव्हते, पशुधन पर्यवेक्षक होते.’ सगळे हसले. वाक्य तुमचंच होतं. सात वर्षं तुम्ही ते आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावोगाव सांगत फिरलात आणि कोणी मनावर घेतलं नाही.

ग्रामपंचायतीत तुम्हाला शाल-नारळ दिलं त्या दिवशी मी वावरात पऱ्हाट्या उपटत होते. खरं सांगते, मोकळी असते तरी आले नसते. चार लोकांदेखत मी तुम्हाला एकदा जे बोलले होते, ते त्याच चार लोकांसमोर कसं परत घेणार? म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण बोललेही सगळ्यांसमोरच होते.

पहिल्यांदा तुम्ही आमच्याकडे आलात ते जर्सीसाठी. गाय घेऊन वर्ष होत आलं होतं आणि तीन वेळा भरूनही, म्हणजे कृत्रिम रेतन करूनही, ती उलटली होती, गाभण राहिली नव्हती. आधी एक खाजगी माणूस यायचा. गोठवलेल्या रेताची कांडी शर्टाच्या खिशात, हात तसेच, पाच मिनिटांत काम आणि पैसे. तुम्ही आलात आणि गायीकडे न बघता मलाच प्रश्न विचारत बसलात. माजावर कधी दिसली? हंबरत होती की दुसऱ्या गायीवर उडत होती? दुसरी वर चढली तर उभी राहत होती का? सोट, म्हणजे माजात गळणारा चिकट स्राव, कसा होता, काचेसारखा स्वच्छ की गढूळ? मला एकाचंही नीट उत्तर देता आलं नाही. मग तुम्ही म्हणालात, ‘आज नाही भरत. माज निघून गेला. एकवीस दिवसानं पाहा, अन् दिसला का लगेच फोन करा.’ आणि गाडीला किक मारून गेलात. मामाजी, माझे सासरे, दिवसभर बडबडले, सरकारी माणूस काम टाळून गेला म्हणून.

एकवीस दिवसांनी सकाळी फोन केला तर तुम्ही म्हणालात संध्याकाळी येतो. मला पुन्हा राग आला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हे गणित तुम्ही मग गोठ्यात उभ्या उभ्या शिकवलंत. नायट्रोजनच्या भांड्यातून कांडी काढली, थर्मासमधल्या पाण्यात थर्मामीटर बुडवून 37 अंश बघितलं, मनगटावरच्या घड्याळात अर्धा मिनिट मोजलं. भांड्यात उणे 196 अंशांवर ठेवलेला जीव खिशातल्या उबेनं कसा मरतो, हे कळल्यावर माझ्या तीन वेळच्या पैशांचा हिशेब लागला. जाताना तुम्ही गोठ्याच्या दारावर खडूनं तारीख लिहिलीत, खाली व्यायची अंदाजे तारीख. गाय त्या तारखेच्या चार दिवस आधी व्याली. कालवड झाली.

त्या कालवडीच्या वेळी वार पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीही अर्धी लोंबत होती. आमच्याकडे अशा वेळी वारेला दगड बांधतात किंवा ओढून काढतात, आणि मामाजींची तयारी झालीच होती. तुम्ही दोन्ही करू दिलं नाही. तुमचा दवाखाना तेव्हा श्रेणी-2 चा, म्हणजे डॉक्टरची नेमणूक नसलेला होता, दुसऱ्या गावचे डॉक्टर साहेब त्याचा कारभार बघायचे. त्यांना फोन लावून तुम्ही बाहेरच थांबलात. माझी जाऊ तेव्हा पोटुशी होती, तिला गोठ्यातून घरात पाठवलंत. वारेतून, गर्भपाताच्या पाण्यातून माणसाला सांसर्गिक गर्भपात या गुरांच्या रोगाचा ताप लागतो, तो महिनोन्महिने सोडत नाही, हे मला चाळीस वर्षं गोठ्यात काढलेल्या घरात पहिल्यांदा ऐकायला मिळालं. पुढे कालवड चार महिन्यांची झाल्यावर तुम्ही त्याच रोगाची लस टोचलीत. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, असं सगळं घालून. पोरं हसली. ‘लस जिवंत असते,’ तुम्ही म्हणालात, ‘माह्या बोटात सुई गेली तं मीच आजारी.’ फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या मधेच, आणि आयुष्यात एकदाच. शेजाऱ्यांनी गोऱ्ह्यालाही टोचा म्हणून हट्ट धरला होता, आठवतं? त्यांना वाटलं तुम्ही लस वाचवताय.

लोकांना तुमच्याकडून काय काय हवं असायचं! वाघानं बैल मारला की पंचनाम्याला तुम्ही, कोंबड्या मेल्या की तुम्ही, शेळी योजनेचा फॉर्म भरायला तुम्ही. पशुगणनेच्या वेळी तुम्ही घरोघर कोंबड्या मोजत होतात आणि त्याच वेळी फोनवर एका माणसाची शिवी खात होतात, कारण त्याची म्हैस अडली होती. कानातल्या बिल्ल्याचे बारा अंक मोबाईलमध्ये भरायला आमच्या वस्तीत रेंज नाही, म्हणून तुम्ही पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून भरायचात. गुरांच्या लम्पी रोगाच्या साली, 2022 मध्ये, गुरांचे बाजार बंद होते आणि तुम्ही सकाळी सहाला बर्फाचा डबा घेऊन निघायचात. प्रत्येक जनावराला नवी सुई. एक जण म्हणाला, एका सुईनं दहा होतात की. तुम्ही म्हणालात, दहा होतात, रोगही दहाला होतो. त्या महिन्यात तुमच्या डाव्या पायाला बैलाची लाथ बसली होती आणि तुम्ही लंगडत लस टोचत होतात. कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता त्या दिवसाचं.

आमची चांदी, गवळाऊ गाय, मामाजींच्या आईच्या वेळच्या वंशातली. तिकडे कारंजा घाडगे भागातून त्यांनी तिची आजी आणली होती म्हणतात. जर्सी माझी, पण चांदी घराची. जानेवारीत तिनं खाणं सोडलं. तोंडातून लाळ, पाणी दिलं तरी गिळेना, आणि आवाज घोगरा होऊन सारखं हंबरणं. गल्लीतले सगळे जमले. सगळ्यांचं एकच, घशात काहीतरी अडकलंय, बोंड नाहीतर प्लास्टिक. मामाजींनी बाही वर केली होती. सकाळी एकदा त्यांनी हात घालूनही बघितला होता.

तुम्ही गाडी लावली आणि गोठ्याच्या दारातच थांबलात. आत आला नाहीत. तिथूनच ओरडलात, ‘तोंडात हात नोका घालू कोनी! कुत्रं चावलं होतं का इले?’

कोणालाच आठवेना. मग माझा मुलगा म्हणाला, दिवाळीनंतर एक पिसाळलेलं कुत्रं गोठ्यातून गेलं होतं. तुमचा चेहरा मी बघितला. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘साबन आना. ज्यानं ज्यानं इले हात लावला त्यानं आधी हात धुवा, मंग बोला.’ पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून. मामाजींच्या बोटाला विळ्याचा काप होता. तो बघितल्यावर तुम्ही त्यांच्या हातावर स्वतः पाणी ओतलंत.

आणि मग मी बोलले. गाय तडफडतेय, तुम्ही दारात उभे राहून आमचे हात धुऊन घेताय. मी म्हणाले, ‘भीती वाटते तर पगार कशाचा घेता? एक इंजेक्शन तरी द्या.’ सगळी गल्ली ऐकत होती. तुम्ही मान खाली घालून फोन लावत होतात. ‘हे माह्या हातचं काम नाही, ताई,’ एवढंच म्हणालात.

त्या वेळी मला ती पळवाट वाटली. पुढे तुम्हीच एकदा समजावून सांगितलंत. 1984 च्या कायद्यानं रोगाचं निदान आणि उपचार हे नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचं काम आहे. तुम्ही लसीकरण, कृत्रिम रेतन, जखमांचं ड्रेसिंग, चिमट्यानं खच्चीकरण अशी किरकोळ म्हटली जाणारी कामं त्यांच्या देखरेखीखाली करायची. किरकोळ हा शब्द कायद्याचा. पाचशे किलोचा बैल खोड्यात घालून त्याच्या मागे उभं राहणं कोणाला किरकोळ वाटतं ते मला बघायचंय.

त्या दिवशी खोटी आशा म्हणून एक सुई टोचणं तुम्हाला किती सोपं होतं! पाण्याची का असेना. गल्ली खूश झाली असती, मी गप्प बसले असते. गायीला धरायला मग चार माणसं लागली असती आणि चौघांच्या हाताला लाळ लागली असती.

डॉक्टर साहेब रात्री आले. लांबूनच बघून त्यांनीही रेबीजचाच संशय सांगितला. लक्षणं दिसल्यावर याला औषध नाही हे त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मामाजी खाली बसले. चांदी तिसऱ्या दिवशी गेली. कातडं सोलायला माणूस आला होता, तुम्ही त्याला परत पाठवलंत आणि जेसीबी येईपर्यंत तिथेच उभे राहिलात. खोल खड्डा, वरून चुना. विम्यासाठी कागदावर दुसरं कारण लिहून द्या म्हणून भावकीतल्या एकानं तुम्हाला बाजूला घेतलं होतं, तेही मला नंतर कळलं. त्यावर तुमची सही चालतच नाही, हे तुम्ही त्याला सांगितलंत. चालली असती तरी केली नसती, हे मी सांगते.

पण माझे आभार आहेत ते त्यानंतरच्या अठ्ठावीस दिवसांसाठी. डॉक्टर साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही आम्हा सहा जणांना रेबीजच्या लसीसाठी गाडी करून माणसांच्या दवाखान्यात नेलंत. मामाजींच्या कापात वेगळं इंजेक्शन भरावं लागलं, ते तिथे नव्हतं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी फोन करून करून मिळवलंत. मग तिसरा दिवस, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. प्रत्येक तारखेला सकाळी सातला तुमचा फोन. चौदाव्या दिवशी मामाजी म्हणाले, आता काही होत नाही, तुरी काढायच्या आहेत. तुम्ही तुरीच्या धुऱ्यावर जाऊन त्यांना गाडीवर बसवलंत. ढोरांच्या दवाखान्यातल्या माणसाच्या कामात हे बसतं का? कुठल्या शासन निर्णयात लिहिलंय मला माहीत नाही. तुम्ही स्वतः ही लस आधीच घेऊन ठेवली होती, या नोकरीत ती घ्यायलाच हवी असं म्हणालात, आणि तरीही दारात थांबलात. म्हणजे भीती स्वतःसाठी नव्हती. हे समजायला मला बराच वेळ लागला, आणि समजल्यावरही मी तुमच्याशी काही बोलले नाही. चहा जास्त साखरेचा करून द्यायचे. तुम्हाला ते कळलं होतं की नाही कोण जाणे.

माझ्या भाचीनं पशुसंवर्धनाच्या पदविकेचा फॉर्म भरायचं ठरवलं तेव्हा मी तिला तुमच्याकडे पाठवलं होतं. मला वाटलं तुम्ही तिला नोकरीचं, पगाराचं सांगाल. तुम्ही तिला तासभर गोठ्यात उभं केलंत. शेणाचा वास, कासेला हात लावण्याआधी जनावराला आवाज देऊन जवळ जाणं, मागून कधी न जाणं. आणि म्हणालात, ‘सगळ्यात कठीण काम हे, का लोकायच्या समोर नाही म्हनता आलं पाहिजे.’ तिनं घरी येऊन ते सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. तवा करपला माझा.

मी त्या दिवशी बोलले ते चुकले, भाऊ. गल्लीतले जे ऐकत होते त्यांनी हेही वाचावं.

मामाजी बरे आहेत. बोटाचा काप भरला, फक्त विळा आता मीच धरते. तुमची साबणाची वडी गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली असते, संपली की नवी आणते. दारावरची खडूची तारीख पावसानं पुसट झाली होती, मी वरून गिरवली.

तुमच्या जागी एक मॅडम आल्यात, वयानं लहान आहेत. परवा मंगळवारी पहाटे जर्सीची ती कालवड माजावर दिसली, स्वच्छ सोट होता. मी फोन केला. पलीकडून विचारलं, ‘कधीपासून दिसली?’ मी वेळ सांगितली. त्या म्हणाल्या, ‘मग संध्याकाळी येते.’ मी म्हटलं, या, पाणी तापवून ठेवते.

तुमची,
खालच्या वस्तीतली जर्सीवाली ताई