मोफत मेमरी ऑप्टिमायझरच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्याबाबत तक्रार

सातारा
दिनांक : ८ जानेवारी २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
भारतातील कार्यालय

विषय : आपल्या मोफत मेमरी ऑप्टिमायझरमुळे संगणकाचा वेग वाढण्याऐवजी मंदावल्याबद्दल, तसेच जाहिरातीतील दावा मागे घेण्याबद्दल.

महोदय,

साताऱ्यात गेली अकरा वर्षे माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पावतीपुस्तके आणि दुकानांच्या पाट्या ही माझी रोजची कामे. दुकानात एकच संगणक आहे. त्यात तेव्हा ४ जीबी रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी), ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १० होते. लग्नसराईच्या तोंडावर तो फार रेंगाळू लागला, म्हणून दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी आपले मोफत मेमरी ऑप्टिमायझर उतरवून घेतले. ‘एका क्लिकमध्ये रॅम मोकळी, संगणक दुप्पट वेगवान’ ही आपली ओळ वाचूनच मी ते घेतले, हे सुरुवातीलाच नमूद करते, कारण माझी तक्रार मुख्यतः याच ओळीविषयी आहे.

पहिल्या दिवशी मला खरेच बरे वाटले. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात आपली गोल तबकडी दिसते, तिचा काटा लाल पट्ट्यात ८४ टक्क्यांवर होता आणि बटण दाबताच तो सरकत हिरव्या पट्ट्यात ४१ टक्क्यांवर आला. मी जवळपास पाच आठवडे त्या काट्यावर विश्वास ठेवला. काम मात्र पूर्वीपेक्षा जास्त अडखळू लागले होते. दोष जुन्या यंत्राचा आहे असे समजून मी ते बटण अधिकच वेळा दाबत राहिले.

२७ नोव्हेंबरला एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका तपासायला माझ्या शेजारी येऊन बसले. लग्नपत्रिकेत नावांचा क्रम किती नाजूक असतो, हे आपल्याकडे कोणालाही सांगायला नको. आजोबांचे नाव कुठे, मामांचे आधी की आत्यांचे, ‘आपले विनीत’ खाली कोण आणि किलबिलीत कोणती बाळे, हे सगळे त्यांनी वहीच्या कागदावर लिहून आणले होते. चाळीस मिनिटे आम्ही एकेक नाव खालीवर करत होतो. तेवढ्यात आपली स्वयंचलित सफाई सुरू झाली. मी पत्रिका जुळवण्याच्या कोरल ड्रॉ या प्रोग्रॅमच्या खिडकीवर क्लिक केले, तर पडदा पांढरा पडला, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे आले आणि डब्यावरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकायचे सोडून एकसारखा जळत राहिला. सात मिनिटांनी प्रोग्रॅम बंद पडला. मध्ये फाइल साठवली नव्हती ही चूक माझी आहे, आणि ती मी त्यांच्यापुढेही कबूल केली. ते काही बोलले नाहीत, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उद्या येतो म्हणाले. तो क्षण मला अजून बोचतो.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी मेमरी आणि डिस्कचा वापर दाखवणारे विंडोजचे टास्क मॅनेजर आणि रिसोर्स मॉनिटर उघडून बसले. आपली स्वयंचलित सफाई बंद केली, कोरल ड्रॉमध्ये एक मोठी फाइल, ब्राउझर आणि मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम सुरू ठेवला आणि हातातले घड्याळ समोर धरले. वापरातली मेमरी ३.३ जीबी होती आणि एका खिडकीतून दुसरीत जायला दीड-दोन सेकंद लागत होते. मग आपले बटण दाबले. आकडा १.६ जीबीवर उतरला, पण कोरल ड्रॉवर परत जायला २३ सेकंद लागले, डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर जाऊन तिथेच थांबला आणि ‘हार्ड फॉल्ट्स’चा, म्हणजे रॅममध्ये न सापडल्याने डिस्कवरून माहिती आणावी लागण्याचा आलेख, जो एरवी तळाशी चिकटलेला असतो, तो थेट वर गेला. दोन-तीन मिनिटांत वापरातली मेमरी पुन्हा ३ जीबीच्या वर आली. हाच प्रयोग मी सहा वेळा केला आणि सहाही वेळा हेच घडले. प्रत्येक वेळच्या पडद्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

यामागचे कारण आपल्या अभियंत्यांना माझ्याहून चांगले ठाऊक असणार, तरीही लिहिते. आपला प्रोग्रॅम रॅम निर्माण करत नाही. चालू असलेल्या प्रोग्रॅमांनी हाताशी ठेवलेली पाने, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, सोडायला तो विंडोजला भाग पाडतो. त्यांतली बदललेली पाने डिस्कवरील पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅममध्ये न मावणारे ठेवण्याच्या विंडोजच्या फाइलमध्ये, लिहावी लागतात आणि प्रोग्रॅमला पुन्हा गरज पडली की तीच पाने डिस्कवरून परत आणावी लागतात. रॅममधून माहिती मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवरची जागा शोधायला ८ ते १० मिलिसेकंद, म्हणजे फरक जवळपास लाखपटीचा आहे. भरलेली रॅम हा आजारही नव्हे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ही प्रणाली वारंवार लागणाऱ्या गोष्टी रिकाम्या रॅममध्ये आधीच आणून ठेवते आणि दुसऱ्या कामाला जागा लागली की ती तत्काळ सोडते. विंडोज १० तर न वापरलेली पाने डिस्कवर पाठवण्याआधी रॅममध्येच दाबून लहान करते. ओट्यावर हाताशी मांडलेले डबे दर पाच मिनिटांनी कोणी माळ्यावर नेऊन ठेवावेत आणि ओटा किती मोकळा झाला म्हणून दाखवावे, तसे आपले सॉफ्टवेअर करते. स्वयंपाक करणारीला प्रत्येक फोडणीला शिडी लावावी लागते.

म्हणून माझा आक्षेप सॉफ्टवेअर निरुपयोगी असण्यापुरता नाही. आकडा उतरला हे खरे आहे, पण त्या उतरलेल्या आकड्याला आपण ‘वेग’ म्हणता, हे खोटे आहे. १९९५ साली अमेरिकेत सिन्क्रॉनिस या कंपनीने ‘सॉफ्टरॅम ९५’ हे सॉफ्टवेअर मेमरी दुप्पट करण्याच्या नावाने विकले होते, ते तसे काही करत नसल्याचे उघड झाले आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर कारवाई केली. इतक्या वर्षांनंतर तोच ‘दुप्पट’ शब्द आपल्या जाहिरातीत पाहून मला वाईट वाटते.

दुसरी गोष्ट त्या लाल इशाऱ्यांची. रोज सकाळी संगणक सुरू केला की ‘आपल्या संगणकात २३१ समस्या आहेत, त्वरित दुरुस्त करा’ अशी पाटी येत असे आणि तिच्यावर क्लिक केले की सशुल्क आवृत्तीचे पान उघडत असे. डिसेंबरमध्ये मी डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकले आणि पडताळणीसाठी त्यावर फक्त आपले सॉफ्टवेअर बसवले, तेव्हाही पहिल्याच तपासणीत १८७ समस्या दिसल्या. कोऱ्या प्रणालीत १८७ समस्या कोणत्या, हे मी आपल्याला दोनदा ईमेलने विचारले. दोन्ही वेळा सशुल्क आवृत्ती वापरून पाहावी, असा एकच परिच्छेद उत्तरादाखल आला. अतिरंजित इशारे देऊन पैसे भरायला लावणाऱ्या सफाईच्या प्रोग्रॅमांना १ मार्च २०१८ पासून नको असलेले सॉफ्टवेअर मानण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे. भारतातही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या पद्धती नोंदवलेल्या आहेत. खोटी निकड दाखवणे आणि सतत टोचणी लावणे या दोन्ही त्यांत आहेत.

सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही त्याची एक सेवा पार्श्वभूमीत चालूच राहिली, ती मला सर्व्हिसेसच्या यादीतून शोधून हाताने बंद करावी लागली.

मी आपल्याला एक रुपयाही दिलेला नाही, त्यामुळे परतावा मागत नाही. पैसे दिले नाहीत म्हणून तक्रारीचा अधिकार नाही, असे उत्तर मात्र कृपया पाठवू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची दखल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण घेऊ शकते आणि पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. माझ्यासारखे कमी रॅमचे जुने संगणक वापरणारे दुकानदार, विद्यार्थी आणि खेड्यांतली सेवा केंद्रे हेच आपले वापरकर्ते आहेत, कारण ज्याच्याकडे भरपूर रॅम आहे त्याला आपल्या बटणाची गरजच वाटत नाही.

‘दुप्पट वेगवान’ हा दावा आपण संकेतस्थळावरून आणि सॉफ्टवेअरमधून काढावा, किंवा तो कोणत्या संगणकावर, कोणत्या मोजणीने सिद्ध झाला ते तिथेच छापावे. स्वयंचलित सफाई मुळात बंद ठेवावी आणि ती सुरू करणाऱ्याला, चालू प्रोग्रॅम काही काळ मंदावतील, हे मराठीसह त्याच्या भाषेत स्पष्ट सांगावे. समस्यांचा आकडा दाखवताना त्यांतली प्रत्येक समस्या उघडून पाहता आली पाहिजे. काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची एकही सेवा मागे राहू नये. ३० दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि हेच पत्र छायाचित्रांसह प्राधिकरणाकडे पाठवीन.

गेल्या आठवड्यात मी संगणकात आणखी ४ जीबी रॅम आणि एक छोटी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घेतली. त्या गृहस्थांची पत्रिका मात्र नोव्हेंबरातच, दुसऱ्या दिवशी सकाळी, आपले सॉफ्टवेअर काढून टाकून मी पुन्हा पहिल्या नावापासून जुळवली होती.

आपली विश्वासू,
(सही)
डीटीपी व्यावसायिक, सातारा

सोबत : चाचणीच्या वेळची पडद्याची छायाचित्रे, दोन्ही ईमेलच्या प्रती