आंतरराष्ट्रीय शिक्षण वर्गात आणा

महोदय,

परदेशी प्राध्यापकाचे एक ऑनलाइन व्याख्यान ठेवायचे, स्क्रीनसमोर फोटो काढायचा आणि अहवालात ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ असे लिहायचे, हा प्रकार थांबायला हवा. मी नाशिकमध्ये वाणिज्य शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुले निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून येतात. विमानाचे तिकीट काढून परदेशात सेमिस्टर करणे त्यांच्यापैकी कुणालाच परवडणार नाही.

न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये ‘कॉइल’ (म्हणजे परदेशी वर्गाबरोबर ऑनलाइन मिळून शिकण्याची पद्धत) केंद्र सुरू केले. त्या पद्धतीत दोन देशांतले शिक्षक मिळून अभ्यासक्रमाचा एक भाग आखतात, मिश्र गट काही आठवडे एकच काम करतात आणि त्याला गुण मिळतात. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमधूनही युरोपला द्राक्षे जातात, म्हणजे ते आपले स्पर्धकच. तिथल्या मुलांबरोबर निर्यातखर्च, कीडनाशक अंशांचे नियम, पॅकिंग यांचा अभ्यास आमची मुले किती आवडीने करतील! वेळेचा फरकही साडेतीनच तासांचा; तिथे सकाळचे दहा, तेव्हा इथे दुपारचे दीड.

अडते ते इथेच. हे काम शिक्षकाच्या कार्यभारात धरत नाहीत, मुलांना श्रेयांक (क्रेडिट) मिळत नाहीत. दूरशिक्षणाचा १९८९ पासूनचा अनुभव असलेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे. त्याने आणि पुणे विद्यापीठाने एकत्र बसून येत्या वर्षापासून निदान दोन श्रेयांकांची तरतूद करावी.

– एक प्राध्यापिका, गंगापूर रोड, नाशिक