साहेब, भुलीचं मशीन देताय तर गॅस बाहेर काढायचा पाईप पण द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

मी कुत्र्या-मांजरांची ऑपरेशन्स करणारा साधा पशुवैद्य, सरकारी पैशातून घेतल्या जाणाऱ्या भुलीच्या मशीनबद्दल लिहितोय. गॅसवरची भूल आता फक्त मुंबई-पुण्याची गोष्ट राहिली नाही, तालुक्याच्या गावातले लोक पण विचारतात की डॉक्टर, इंजेक्शन का गॅस? चांगलंच आहे. भुलीच्या इंजेक्शनांपैकी झायलाझिनचा उतारा (असर उलटवणारं औषध) तरी मिळतो, केटामाइनचा तोही नाही. आयसोफ्लुरेन या भुलीच्या गॅसचं तसं नाही, मशीनचा डायल बंद केला, नुसता ऑक्सिजन चालू ठेवला की तो बहुतेक सगळा श्वासावाटेच बाहेर पडतो आणि कुत्रं थोड्या वेळात मान उचलायला बघतं.

पण साहेब, बाहेर पडतो तो जातो कुठे? आमच्याच नाकात. माणसांच्या मोठ्या हॉस्पिटलात हा वाया गेलेला गॅस ओढून बाहेर सोडायची सोय असते, आमच्याकडे मशीनच्या व्हॉल्व्हला पाईपच जोडलेला नसतो. वर ओटीत (ऑपरेशनच्या खोलीत) स्प्लिट एसी, म्हणजे तीच हवा गार करून परत आमच्यावर. मांजर हाताला लागत नाही म्हणून थेट तोंडाला मास्क लावून झोपवायचं, तो मास्क धरून बसते ती अटेंडंट ताई, आणि तिला दिवस गेलेत का हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या नायोश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने १९७७ मध्येच सांगितलंय की हॅलोथेनसारखे भुलीचे गॅस खोलीच्या हवेत दहा लाखात २ भागांच्या वर नकोत, गर्भपाताची शंका हे त्यामागचं एक कारण होतं. आणि वास यायला लागला म्हणजे आपण त्या आकड्याच्या कितीतरी पुढे गेलेलो असतो, त्यामुळे "मला तर काही वास येत नाही" याला काही अर्थ नाही. संध्याकाळी डोकं दुखतं ते सगळं उन्हाचंच असतं असं नाही.

उपाय फार महाग नाहीत हो. भिंतीला भोक पाडून पाईप थेट बाहेर काढायचा, फक्त बाहेर कोणाची खिडकी नको. ते जमत नसेल तर गॅस शोषून घेणारा कोळशाचा डबा मिळतो, तो रोज वजन करायचा, साधारण ५० ग्रॅम वाढला की फेकायचा (नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा दुसरा गॅस त्यात अडकत नाही, ते लक्षात ठेवायचं). शक्य तिथे मास्कऐवजी इंजेक्शनने झोपवून मग श्वासनलिकेत कफवाली (फुगा फुगवून घट्ट बसणारी) ट्यूब घालायची, गळती तिथेच बरीच कमी.

आणि जनावराच्या जिवाचं बोलायचं राहिलंच. पॉप-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे मशीनमधला जास्तीचा गॅस बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह! श्वास द्यायला बंद केला आणि उघडायला विसरलं की फुफ्फुसात प्रेशर साठून काही मिनिटांत सगळं संपतं, चांगल्या सर्जनच्या टेबलावर पण, कारण सर्जनचं लक्ष टाक्यांत असतं आणि भुलीकडे बघायला वेगळा माणूसच नसतो. बटण दाबलं तेवढ्यापुरताच बंद होणारा व्हॉल्व्ह मिळतो, मग टेंडरमध्ये तोच का लिहू नये? व्हेपोरायझरचं, म्हणजे भुलीच्या द्रवाची मोजून वाफ करणाऱ्या भागाचं पण तसंच. कुत्र्याला आयसोफ्लुरेन साधारण १.३ टक्क्याच्या आसपास लागतो, सेवोफ्लुरेन हा दुसरा गॅस २.३ च्या, म्हणून सेवोच्या व्हेपोरायझरमध्ये चुकून आयसो भरला तर डोस कुठल्या कुठे जातो. डायल दोनवर आहे म्हणजे दोनच येतंय का, हे कॅलिब्रेशनशिवाय (मापाच्या तपासणीशिवाय) कळायचं कसं? मी एका ठिकाणी मशीन पाहिलंय, कव्हर घातलेलं, इन्स्टॉलेशननंतर एकदाही तपासलेलं नाही.

माझं मागणं एवढंच आहे की सरकारी पैशातून, मग ते जिल्हा सर्वचिकित्सालय असो नाहीतर कुत्र्यांचं नसबंदी केंद्र, जिथे भुलीचं मशीन घेतलं जाईल तिथे त्याच ऑर्डरमध्ये गॅस बाहेर काढायची सोय, वर्षातून एकदा कॅलिब्रेशन आणि भूल बघणाऱ्या एका माणसाचं ट्रेनिंग हे लिहिलेलं असावं, वेगळ्या फाईलवर नको, वेगळी फाईल फिरत राहते. ट्रेनिंगला माफसूची (राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाची) कॉलेजेस आहेत, परळचं कॉलेज तर १८८६ पासून आहे. आणि गरोदर बाईला गॅसच्या ओटीत ड्युटी लावू नये, एवढं सर्क्युलर तर खर्चाशिवाय निघेल.

आपला,
एक पशुवैद्य