सोबतचे दोन फोटो

ती. आईस,
सा. नमस्कार.

सोबत दोन फोटो पाठवतेय. चष्मा लावून बघ. काढणारी बाई दोन्हींतही आहे: एकात दुकानाच्या काचेत, दुसऱ्यात कामगाराने उचललेल्या आरशात.

तिचं नाव व्हिव्हियन मायर. जन्म १९२६ चा, म्हणजे आपल्या आजीच्याच वयाची. इथे शिकागोत लोकांची पोरं सांभाळायची अन् रिकाम्या वेळात रस्तोरस्ती फोटो काढायची. तिचा रोलायफ्लेक्स कॅमेरा पोटाशी धरून वरून बघायचा असतो, त्यामुळे समोरच्याला पत्ता लागत नसे. पहिल्या फोटोत काचेआड सामान मांडलेलं, बाहेर ही टोपी घालून उभी. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या बाईने फ्रिज घेऊन ठेवायचा तरी कुठे? काळ मात्र खरेदीचा होता. १९५० साली अमेरिकेत शंभरातल्या ९ घरांत टीव्ही होता, १९६० पर्यंत ८७ घरांत आला. ही बाई कचऱ्याच्या पेट्यांचेही फोटो काढायची, ते मला जास्त आवडले. काचेतलं सामान काय, जाहिरातवालेही दाखवतात.

तिचं स्वतःचं सामान भाड्याच्या गोदामात होतं. भाडं थकलं आणि २००७ मध्ये त्याचा लिलाव झाला. सगळ्या मिळून लाखावर निगेटिव्ह! २००९ मध्ये ती गेली, नाव झालं ते नंतर.

त्याच काळात आजी दारव्ह्याच्या बाजारात भांडी बघत असेल. तिथे कुठली काच! स्वयंपाकाचा गंज हातात घ्यायचा, वाजवायचा, अन् कापूस विकला असला तर घ्यायचा, नाहीतर पुढच्या साली. तिचा फोटो कोणी काढला नाही, लग्नातलासुद्धा नाही. पण तिच्या पाण्याच्या पितळी गुंडावर तिचं नाव आहे, देणाऱ्याचं आहे, तारीखही आहे.

दादा पितळ मोडीत द्यायचं म्हणतोय, तर माझी ना नाही. वावराला पैसा लागतो, मलाही कळतं. फक्त देण्याआधी एकेका भांड्यावरचं नाव मोबाइलमध्ये घे म्हणावं. आधी चिंच लावून घासा आणि उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे ठिपक्यांची अक्षरं वाचता येतील. कोपर, पराती खुशाल जाऊ देत. आजीचा गुंड मात्र देऊ नका. दिवाळीला येईन तेव्हा मी घेऊन जाईन, विमानात वजनाचं काय ते बघता येईल.

तुझी,
मंदा